पाचव्या मजल्यावरचं खारं पाणी

डोंबिवलीतल्या त्या घरात शिरलं की डाव्या हाताच्या कोपऱ्यात टाकी दिसते. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, सव्वा फूट उंच. मे महिन्याच्या अखेरीस मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिच्यात पांढरी वाळू, चार राखी दगड आणि पाणी एवढंच होतं. पंप पाणी घुसळत होता, वर दिवा होता, पण हलणारं-चालणारं काही नव्हतं. एका दगडाजवळ जाळीच्या पुरचुंडीत कोळंबीचा तुकडा लोंबत होता, कडेने पांढुरका झालेला.

"मुद्दाम सडायला ठेवलाय," घरातली मुलगी म्हणाली. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. "आज सातवा दिवस. अजून पाच आठवडे तरी मासा आणायचा नाही."

तिची आई चहा घेऊन आली. "शेजारपाजारचे रोज विचारतात, मासे कधी येणार म्हणून. मी सांगते, अजून पाणीच शिजतंय."

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'घरातला निसर्ग' हा विषय दिला, तेव्हा गॅलरीतल्या कुंड्यांवर लिहायचं असं मी जवळपास ठरवलं होतं. पण लहानपणी चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयात वडिलांचा हात धरून पाहिलेल्या निळ्या खिडक्या आठवल्या. 1951 साली सुरू झालेलं ते मत्स्यालय मुंबईतल्या दोन-तीन पिढ्यांच्या लहानपणाचा भाग आहे. तो समुद्र आता लोक स्वतःच्या हॉलमध्ये मांडतात असं ऐकून होतो. नुसते रंगीत मासे सोडलेली टाकी नव्हे, तर प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी, दगडातले किडे असा अख्खा संसार. हे नेमकं जमतं कसं, आणि ते करावं का, हे पाहायला मी निघालो.

घर आधी, टाकी नंतर

या घरात टाकी यायच्या आधी चार महिने फक्त कागदावर काम चाललं होतं. वडील रेल्वेच्या विद्युत विभागातून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांनी वही घातली. पहिल्या पानावर वजन. शंभर लिटर खारं पाणी म्हणजे सुमारे 102 किलो. त्यात काच, वाळू, दगड आणि स्टँड धरला की आकडा दीडशेच्या पुढे जातो. राहत्या घराची लादी धरताना आपल्याकडे चौरस मीटरला साधारण 200 किलोचा भार मोजतात. तो सगळ्या खोलीभर पसरलेला असतो, टाकीचा मात्र हातभर जागेत येतो. म्हणून त्यांनी खोलीच्या मध्यावरची जागा सोडली आणि जिथे दोन बीम मिळतात तो भिंतीचा कोपरा धरला. जुन्या इमारतीत राहणाऱ्याने, किंवा याहून मोठी टाकी मनात असेल त्याने, स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसऱ्या पानावर वीज. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगलं वीजवाहक असतं आणि ते कुठेही पोचतं. तुषार उडतात, वाळतात, काचेच्या कडेला मिठाची पापडी धरते. ती पापडी प्लगात शिरली की संपलं. म्हणून इथे प्रत्येक वायरीला प्लगच्या खाली झोळ दिलाय. पाणी वायरीवरून ओघळलं तरी झोळाच्या तळाशी थेंब होऊन खाली पडतं, प्लगात जात नाही. सॉकेट टाकीच्या वरच्या पातळीला, बाजूच्या भिंतीवर. आणि या लाइनीवर वेगळा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. "हात पाण्यात घालायच्या आधी मेन बंद," वडील म्हणाले. "हा नियम तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी केलाय. मला सवयीने धीर येतो."

तिसऱ्या पानावर खालचं घर. टाकी फुटली तर शंभर लिटर खारं पाणी चौथ्या मजल्याच्या छतात उतरणार. त्यांनी खालच्या कुटुंबाला आधीच घरी बोलावून सगळं दाखवलं. सोसायटीच्या कुठल्याही नियमात हे बसवलेलं नाही, पण मला ते फार योग्य वाटलं.

लहान टाकी सोपी असते हा समज इथेच मोडला. शंभर लिटरमधून तीन लिटर पाणी उडालं तर क्षारता हजारी 35 वरून 36च्या वर जाते. तेच तीन लिटर हजार लिटरमधून गेले तर फरक जेमतेम दशांशाचा. मीठ उडत नाही, पाणीच उडतं. त्यामुळे रोजची भर गोड्या पाण्याची घालायची असते, खाऱ्याची नाही. नवखे लोक नेमकं इथे चुकतात. लहान टाकीत तापमान भरभर चढतं, विष भरभर साचतं, चूक सुधारायला तास मिळतात, दिवस नाही. तरीही फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला लहानच टाकी परवडते. शंभर लिटरच्या खाली मात्र पहिल्या खेपेला उतरू नये, असं मी आता ठामपणे म्हणेन.

पाण्याचं विरजण

समुद्र एवढा जवळ असताना पाणी तिथून का आणत नाही, हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारला. मुलीने मलाच उलट विचारलं, "ठाण्याच्या खाडीचं पाणी तुम्ही घरात ठेवाल?" सांडपाणी, तेल, गाळ, पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी. किनाऱ्यालगतच्या पाण्याचा भरवसा नाही. त्यामुळे टाकीत जातं ते आर.ओ.चं आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार काढणाऱ्या डी.आय.च्या नळीतून काढलेलं पाणी, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य. पिण्यासाठीच्या आर.ओ.त चवीपुरते क्षार परत मिसळलेले असतात, ते इथे चालत नाहीत. या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम या हिशेबाने मत्स्यालयाचं मीठ. शंभर लिटरला साडेतीन किलो. जेवणातलं मीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. प्रवाळाला मात्र कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि कार्बोनेट हवं असतं. मिसळलेलं पाणी रात्रभर पंपाने फिरवायचं, मग रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकून उजेडाकडे धरायचं. 1.025 ते 1.026च्या रेघेवर निळा-पांढरा सांधा आला की पाणी तयार.

तयार म्हणजे फक्त खारं. राहण्याजोगं व्हायला आणखी आठवडे जातात, आणि ती कोळंबी त्यासाठी होती. बाजारातल्या मावशींकडून मे संपायच्या आत ती आणली, कारण 1 जूनपासून दोन महिने आपल्याकडे यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. कोळंबी सडते तसा पाण्यात अमोनिया वाढतो. अमोनिया माशाचे कल्ले जाळतो. पण काही जिवाणूंचं तेच अन्न असतं. ते अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट थोडं असलं तर खपतं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, दगडांच्या छिद्रांत आणि वाळूच्या कणांवर घर करतात. म्हणून दगड सच्छिद्र हवेत.

आईंनी याला विरजण म्हटलं आणि त्याहून चांगला शब्द मला सापडलेला नाही. दूध पातेल्यात ओतलं म्हणून दही होत नाही. विरजण लावायचं, हलवायचं नाही, थांबायचं. वहीत रोजच्या चाचणीचे आकडे होते. अमोनिया चढला, दहाव्या-बाराव्या दिवशी उतरू लागला, नायट्राइट चढलं, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही रकान्यांत शून्य पडलं. मधल्या काळात दगडांवर तपकिरी थर आला, मग हिरवं शेवाळ. ते पाहून पुष्कळ जण घाबरतात आणि बाजारातली औषधं ओततात. इथे कुणी काही ओतलं नाही. पाच गोगलगायी आणल्या. त्यांनी पंधरवड्यात काच साफ केली.

पाण्याच्या प्रवाहात ठेवलेला जिवंत दगड टाकी शुद्ध ठेवतो, हे छंदाच्या जगापुढे प्रथम मांडणाऱ्यांत जकार्ताचे ली चिन एंग यांचं नाव घेतात, 1961 सालच्या त्यांच्या लेखासाठी. ते समुद्रातून दगड उचलून आणत. आज आपण तसं करू शकत नाही, करूही नये. या घरातले दगड कारखान्यात भाजलेल्या मातीचे आहेत.

उन्हाळा आणि गेलेली वीज

इंग्रजी पुस्तकं बहुतेक थंड देशांत लिहिलेली. त्यांत पाणी गरम कसं ठेवायचं यावर पानंच्या पानं असतात. आपला प्रश्न उलटा आहे. प्रवाळाला 24 ते 27 अंश मानवतात. मे महिन्यात डोंबिवलीच्या हॉलमध्ये दुपारी 33-34 अंश, त्यात दिव्याची आणि पंपाची उष्णता. पाण्यावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पण पुण्यात किंवा नाशकात जो पंखा काम करतो तो कोकणपट्टीच्या दमट हवेत दमतो, कारण हवाच आधी भिजलेली असते. उरतो चिलर. तो टाकीपेक्षा महाग पडतो आणि पाण्यातली उष्णता खोलीत सोडतो, म्हणजे खोलीला खिडकी हवी. यांनी चिलर घेतला आणि त्यासाठी टाकी एक आकार लहान केली. ज्याला चिलरचा किंवा दिवसभर एसीचा खर्च झेपत नाही, त्याने किनारपट्टीवर प्रवाळाची टाकी मांडू नये. हे वाक्य कडू वाटेल, पण एप्रिलमध्ये पांढरे पडलेले प्रवाळ मी दोन घरांत पाहिले आहेत.

ते पांढरं पडणं समजून घेण्यासारखं आहे. प्रवाळ हा प्राणी. एकेक जीव तांदळाच्या दाण्याएवढा, तोंडाभोवती बोटांचं वर्तुळ. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर साखर बनवतं आणि यजमानाला देतं, त्यातून प्रवाळाचं बहुतेक पोट भरतं. रंगही पुष्कळसा त्याचाच. पाणी तापलं की हा संसार मोडतो, प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. तो लगेच मरत नाही, उपाशी राहतो. समुद्रातही हेच चाललंय. 2024च्या एप्रिलमध्ये जगातला चौथा जागतिक विरंजन-काळ जाहीर झाला, आणि त्याच वर्षी आपल्या लक्षद्वीपचे प्रवाळही मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले.

दुसरं संकट विजेचं, पावसाळ्यातलं. जूनमधल्या वादळी रात्री वीज चार तास नव्हती. दिवा नसला तर प्रवाळ दोन दिवसही काढतो. पाणी हलायचं थांबलं तर मात्र त्यातला प्राणवायू काही तासांत उतरतो. वडिलांनी इन्व्हर्टरवर एकटा प्रवाहाचा पंप टाकलाय, बाकी काही नाही, म्हणजे बॅटरी रात्रभर पुरते. शिवाय ड्रॉवरमध्ये सेलवर चालणारा हवेचा पंप.

पोवळं, इंद्रजाल आणि कायदा

मराठी माणसाची प्रवाळाशी पहिली ओळख अंगठीतून होते. मंगळाचं पोवळं. ते लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं, आपल्या खडपांवर ते नाही. पण आपल्या खडपांवर दुसरी प्रवाळं आहेत, थेट मुंबईतसुद्धा. सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर दगडी प्रवाळांच्या वसाहती आढळल्या, तेव्हा 2020 साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी अशा 18 वसाहती उचलून कुलाब्याच्या नेव्हीनगरजवळ नेऊन बसवल्या. मालवणला किल्ल्याच्या आसपास डुबकी मारणाऱ्यांनी अशा वसाहती पाण्याखाली पाहिल्याच असतील. तिथलं सागरी अभयारण्य 1987चं. आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक हा पाण्याखालचा पठारी उंचवटा आहे, त्याच्या माथ्यावर प्रवाळांची बाग आहे.

हे सांगायचं कारण असं की, वन्यजीव संरक्षण कायद्याने झाडून सगळे दगडी प्रवाळ अनुसूची 1 मध्ये घातले आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. सोबत काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या. अनुसूची 1 मधल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान 3 आणि कमाल 7 वर्षं तुरुंगवास आहे. वास्तुदोष जावा म्हणून भिंतीवर लावायला 'इंद्रजाल' नावाची काळी जाळीदार वनस्पती विकतात. ती वनस्पती नाहीच, वाळवलेले काळे प्रवाळ किंवा समुद्रपंखे असतात आणि ते घरात ठेवणं गुन्हा आहे. मेलेला तुकडाही चालत नाही. किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा खडा मुलांना खिशात घालू देऊ नका.

दगडी प्रवाळांचा परदेशातला व्यापारही साइटीस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्या करारातल्या परदेशी जिवंत प्राण्यांची नोंदणी आपल्याकडे बंधनकारक केली. माझ्या मते निष्कर्ष सरळ आहे: फ्लॅटमधल्या छंदासाठी दगडी प्रवाळ हा विषयच बंद समजावा. परदेशी चित्रफितींत दिसणारी जांभळी-हिरवी झुडपं आपल्या घरी नकोत.

मग टाकीत ठेवायचं काय? मऊ प्रवाळ. ज्यांना चुन्याचा सांगाडा नसतो अशी छत्रीसारखी चामडी प्रवाळं, तबकडीसारखी 'मशरूम', चटईसारखी पसरणारी झोआंथिड, जिला छंदिष्ट लाडाने 'झोआ' म्हणतात. ही वरच्या यादीत येत नाहीत, कमी उजेडात जगतात, आणि एका टाकीतल्या वसाहतीचा तुकडा कापून दुसऱ्याला देता येतो. या घरातले तीनही तुकडे तसेच एका जुन्या छंदिष्टाच्या टाकीतून आले, बिलासकट. समुद्राला धक्का न लावता.

झोआबद्दल एक इशारा मोठ्या अक्षरांत लिहायला हवा. तिच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. हाताला जखम असताना ती हाताळणं, तिचा दगड घासताना तोंडावर तुषार घेणं, आणि सर्वांत वाईट म्हणजे दगड 'निर्जंतुक' करायला उकळणं, यातून घरंच्या घरं इस्पितळात गेल्याच्या नोंदी परदेशात आहेत. मुलगी हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय तुकडा कापत नाही. ते काम ती गॅलरीत करते.

मुंबईतल्या एका दुकानात मला काउंटरखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पिशवी दाखवली गेली. पाण्यात फुलकोबीसारखा दगडी प्रवाळ होता, तळाशी खडकाचा ताजा तुटलेला पृष्ठभाग. तो खडक जिथून तोडला तिथे काय उरलं असेल, हे घरी येईपर्यंत डोळ्यांसमोरून गेलं नाही. गिऱ्हाईक मागतं म्हणून हे विकलं जातं. मागणं थांबवणं आपल्या हातात आहे.

कुर्ल्याहून ऐरोलीला

रविवारी पहाटे कुर्ल्याच्या रंगीत माशांच्या बाजारात मी तासभर फिरलो. फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, त्यांत गप्पी, फायटर, गोल्डफिश. बहुतेक गोड्या पाण्यातले, शेततळ्यांत वाढवलेले. खाऱ्या पाण्याच्या माशांची गोष्ट वेगळी. त्यांतले बहुतेक आजही समुद्रातून पकडून आणतात. फिलिपिन्स, इंडोनेशियात कित्येक वर्षं सायनाइड फवारून मासे गुंगवण्याची रीत चालली. मासा वाचला तरी भोवतालचा प्रवाळ मरतो. म्हणून विकत घेताना एकच प्रश्न आधी विचारावा: हा पैदास केलेला आहे की पकडलेला?

विदूषक माशाबाबत, म्हणजे 'नीमो'बाबत, या प्रश्नाला चांगलं उत्तर मिळू शकतं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचं तंत्र बसवलं आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या मदतीने स्थानिक स्त्रिया शोभेच्या कोळंब्या वाढवतात. आपल्याकडे फ्लेमिंगो पाहायला लोक ज्या ऐरोलीच्या केंद्रावर जातात, तिथे कांदळवन प्रतिष्ठानने समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी उभी केली आहे.

पैदास पाहण्यासारखी असते. मादी दगडावर केशरी अंडी चिकटवते. नर आठवडाभर त्यांना पंखांनी वारा घालतो, खराब झालेलं अंडं तोंडाने वेचून टाकतो. पिल्लं अंधार पडल्यावर फुटतात. त्यांना डोळ्यांना दिसणार नाहीत एवढे बारीक जीव, रोटिफर, खायला घालावे लागतात, म्हणून त्यांचं वेगळं पीक, आणि रोटिफरना खायला शैवालाचं आणखी वेगळं. जोडीतला मोठा मासा मादी असतो. ती मेली तर नर मादी होतो, आणि पिल्लांतला एखादा नर. समुद्रात विदूषक मासा समुद्रफुलाच्या आसऱ्याने राहतो, पण पैदास केलेल्याला त्याची गरजही लागत नाही. नव्या टाकीत समुद्रफूल आणूच नये. ते चालतं, पंपात अडकतं आणि मरताना सगळं पाणी नासवतं.

शंभर लिटरमध्ये दोन विदूषक मासे आणि फार तर एक छोटा गोबी, खाडीतल्या निवटीच्या गोत्रातला. बस. 'डोरी' म्हणून मुलं मागतात तो निळा मासा फूटभर वाढतो आणि दिवसभर पोहतो. त्याला दोन फुटी टाकीत ठेवणं हा अन्याय आहे. नवीन मासा आला की तीन-चार आठवडे वेगळ्या साध्या टबात ठेवायचा, कारण पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध लागतं आणि तांबं प्रवाळ-गोगलगायींना मारतं. एकदा मुख्य टाकीत रोग शिरला की औषध घालायची सोय राहत नाही.

सप्टेंबर

गणपतीनंतर पुन्हा गेलो. वही अर्धी भरली होती. दर रविवारी दहा लिटर पाणी बदलतात, त्याला साडेतीनशे ग्रॅम मीठ. रोज सकाळी वडील काचेवरची रेघ पाहून गोडं पाणी घालतात. दिवा आठ तास, निळा जास्त, कारण समुद्रात खोलवर निळाच उजेड पोचतो. दिवाळीत गावाला जायचं तर शेजारच्या मुलाला आतापासून शिकवायला घेतलंय. रोजचं खाणं चिमटीने कागदी पुड्यांत बांधून त्यावर वार लिहिलेत, म्हणजे प्रेमापोटी जास्त पडायला नको.

आई टाकीसमोर मोडा घेऊन भाजी निवडत होत्या. मधेच थांबून म्हणाल्या, "ते बघा, उघडलं." उजव्या दगडावरची झोआ दिवा लागल्यावर हळूहळू फुलत होती, एकेक तोंड, हिरव्या कडेचं. दोन्ही मासे पंपाच्या प्रवाहात तोंड करून जागच्या जागी पोहत होते.

ज्यांच्या घरात रोज पंधरा मिनिटं देणारा एक माणूस नाही, उन्हाळ्यात पाणी थंड ठेवायची सोय नाही, किंवा सहा आठवडे रिकामी टाकी पाहायचा धीर नाही, त्यांनी हा नाद करू नये. त्यांनी ओहोटीची वेळ पाहून हाजी अलीला जावं, मालवणला गाइडचं ऐकून, खडपावर पाय न ठेवता, पाण्यात उतरावं. आणि ज्यांच्याकडे हे सगळं आहे त्यांनी आधी वही घ्यावी.

डोंबिवलीच्या टाकीत आज दोन मासे, पाच गोगलगायी आणि मऊ प्रवाळाचे तीन तुकडे आहेत. होळीपर्यंत त्यात भर घालायची नाही असं घरात ठरलंय.